टॉर्क पाना

टॉर्क पाना : नट किंवा बोल्ट आवळताना त्यावर पडणारे फिरविणारे परिबल (टॉर्क) मोजणारे, अथवा ते ठरविलेल्या मूल्यास पोहोचताच सूचना देणारे हत्यार. कर्मशाळांत ते ‘टॉर्क रेंच’ या नावानेच अधिक परिचित आहे. पान्याच्या मुठीवर लावलेले बल आणि नटाच्या मध्यापासून त्या बलाचे लंबांतर यांचा गुणाकार म्हणजे हे परिबल होय. ते न्यूटन-मीटर या एककात मोजतात. भारतातील जुन्या वाहनांच्या पुस्तिकांत ते किग्रॅ.-मी.मध्ये (१ किग्रॅ.-मी. = ९.८१ न्यूटन-मीटर), तर ब्रिटिश व अमेरिकी बनावटीच्या यंत्रांच्या पुस्तिकांत पौंड-फूटमध्ये (१ पौंड-फूट = १.३५६ न्यूटन-मीटर) दिलेले आढळते. एककांची गल्लत झाल्यास नट हव्या त्या परिबलाच्या दहापट किंवा दहाव्या हिश्शाइतका आवळला जाऊ शकतो. म्हणून पान्यावरील व पुस्तिकेतील एकके सारखी आहेत की नाहीत, हे प्रथम पाहावे लागते.

टॉर्क पान्याचे दांडी वाकून काट्याने वाचन दाखविणारा, घड्याळी तबकडीचा, खटक्याचा व इलेक्ट्रॉनीय असे प्रकार आहेत. त्यांपैकी हवे ते परिबल आधी लावून ठेवता येणारा व ते गाठताच ‘टक्’ असा आवाज करणारा खटक्याचा पाना सर्वांत अधिक वापरात असून प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे त्याचा विचार केला आहे.

आवश्यकता : बोल्ट आवळला म्हणजे तो किंचित लांबतो व ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. जोड टिकतो तो या ताणामुळे. ताण कमी पडला, तर भार व कंपने यांमुळे भाग एकमेकांवर सरकू लागतात, नट सैल होतो किंवा बोल्ट शिणून तुटतो. ताण फार झाला, तर बोल्ट कायमचा लांबतो, आटे सोलले जातात किंवा ओतीव भागास तडा जातो. अनुभवी कारागिराच्या हाताला अंदाज असतो हे खरे. परंतु तोच हात सकाळी व संध्याकाळी, आखूड व लांब पान्यावर सारखे परिबल देत नाही.

सोलापूर येथे यंत्रमाग, वाहनदुरुस्ती आणि वाहनांच्या सुट्या भागांची निर्मिती हे तीनही व्यवसाय चालतात. त्यामुळे या हत्याराची गरज कोठे व किती, याची उदाहरणे तेथे सहज मिळतात. पुणे–हैदराबाद महामार्गावरील गॅरेजांत मालमोटारीच्या चाकाचे नट लांब नळी पान्याच्या दांडीत घालून व तीवर उभे राहून आवळण्याची जुनी रीत आहे. ६० किग्रॅ. वजनाचा माणूस १ मी. अंतरावर उभा राहिला, तर नटावर ६० किग्रॅ.-मी. म्हणजे सु. ५९० न्यूटन-मीटर परिबल पडते. नळी दीड मीटरची असेल, तर तेच सु. ८८० न्यूटन-मीटर होते आणि त्याने उडी मारली, तर किती होते ते सांगता येत नाही. असे ताणलेले खुंटबोल्ट तेथेच तुटत नाहीत. ते पुढे भरल्या गाडीखाली, वेगात असताना तुटतात.

इतिहास : परिबल दाखविणाऱ्या पान्याचा पेटंट अर्ज १९३१ मध्ये शिकागो येथील जॉन एच्. शार्प यांनी केला. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनरॅड बार यांना नळांच्या कडांचे (फ्लँजांचे) बोल्ट एकसारखे आवळले जात नाहीत असे आढळले होते. परिबलाला मर्यादा घालणारे हत्यार आपण १९१८ मध्येच तयार केले, असे त्यांचे म्हणणे होते. बार व जॉर्ज फेफरली यांनी ऐकू येईल अशी सूचना देणाऱ्या समायोज्य पान्यासाठी १९३५ मध्ये पेटंट अर्ज केला. आजचा खटक्याचा पाना हा त्याचाच वंशज होय.

रचना व कार्य : पान्याच्या पोकळ पोलादी नळीत एक मजबूत दाब-स्प्रिंग असते. मूठ फिरविली की स्प्रिंग कमीअधिक दाबली जाते. पुढच्या टोकाला रॅचेट व सॉकेट बसविण्याची चौकोनी खुंटी असलेले डोके असून ते एका खिळीवर टेकलेले असते. त्याचे शेपूट नळीच्या आत जाते. शेपूट व स्प्रिंगपुढील दट्ट्या यांच्यामध्ये एक लहान घनाकृती ठोकळा असतो. नटावरील परिबल कमी आहे तोवर स्प्रिंग ठोकळ्याला सरळ धरून ठेवते. परिबल ठरविलेल्या मूल्यास पोहोचताच ठोकळा कलंडतो, शेपूट सुटून नळीच्या भिंतीवर आदळते व खटका ऐकू येतो. त्याच वेळी मूठ काही अंश मोकळी सरकल्याचे हाताला जाणवते. गोंगाटाच्या कर्मशाळेत कानापेक्षा हाताची ही जाणीवच अधिक उपयोगी पडते.

खटका ही केवळ सूचना आहे, अडसर नव्हे. त्यानंतरही ओढत राहिले, तर शेपूट नळीला टेकलेले असल्याने पाना साध्या दांडीप्रमाणे वागतो व परिबल वाढतच जाते. नवशिक्याकडून सर्वाधिक होणारी चूक हीच.

मूल्य लावणे : मुठीजवळ नळीवर मुख्य मापपट्टी व मुठीच्या कडेवर दुय्यम अंशन असते; वाचन सूक्ष्ममापकाप्रमाणे (मायक्रोमीटरप्रमाणे) करतात. ८४ न्यूटन-मीटर हवे असल्यास मुठीची कड मुख्य पट्टीवरील ८० च्या रेषेवर आणून मूठ दुय्यम पट्टीवरील ४ मध्यरेषेवर येईपर्यंत फिरवितात व नंतर कुलूपकडी बसवितात. मूल्य नेहमी कमीकडून अधिकाकडे नेऊन लावावे. पुढे गेल्यास बरेच मागे येऊन पुन्हा वर यावे. त्यामुळे आट्यांतील मोकळीक वाचनात शिरत नाही. बराच काळ पडून असलेल्या पान्याला काम सुरू करण्यापूर्वी चार-पाच वेळा खटके द्यावेत, म्हणजे आतील वंगण पसरते.

पान्याची निवड त्याच्या पल्ल्यावरून करतात. कमाल क्षमतेच्या सु. २० टक्क्यांखाली खटका अस्पष्ट व वाचन अविश्वसनीय होते. सोलापूर येथे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशॅफ्ट्स या कंपनीत मोटारगाड्यांच्या एंजिनांसाठी शीत-ओतीव लोखंडाचे कॅमदंड तयार होतात. असा दंड झिजेला दाद देत नाही, परंतु ठिसूळ असतो. एंजिनात तो बसविताना त्याच्या धारव्यांच्या टोप्या ॲल्युमिनियमाच्या टोपणावर लहान बोल्टांनी धरलेल्या असतात व त्यांना बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास परिबल लागते. चाकाचे नट आवळण्याचा ४०–२०० न्यूटन-मीटरचा पाना येथे निरुपयोगी असून त्याने ॲल्युमिनियमातील आटे निश्चित सोलले जातील. शिवाय एका टोकाची टोपी पूर्ण आवळून मग दुसरी आवळली, तर झडपांच्या स्प्रिंगांच्या दाबाखाली वाकलेला दंड मोडू शकतो. यासाठी सर्व टोप्या थोड्या थोड्या करून सारख्या खाली आणाव्या लागतात.

वापर : पाना मुठीवरील खुणेच्या जागीच धरावा आणि दांडीशी काटकोनात, झटका न देता, संथपणे ओढावा. हा केवळ शिष्टाचार नाही. यंत्रणेला परिबल जाणवते ते नटाच्या मध्याभोवतीचे नसून डोक्यातील खिळीभोवतीचे. समजा, खुंटीपासून खिळी ४० मिमी.वर व धरण्याची खूण ४०० मिमी.वर आहे आणि पाना १०० न्यूटन-मीटरवर लावला आहे. हात खुणेवर असताना नटावर १०० असेल, तर खिळीभोवती ९० असते व खटका त्या ९० लाच होतो. हात अर्ध्यावर, २०० मिमी.वर धरल्यास खटक्याच्या वेळी नटावर सु. ११२ न्यूटन-मीटर पडलेले असते. उलट मुठीत नळी घालून हात ८०० मिमी.वर नेल्यास ते सु. ९५ च भरते. ज्या हत्याराची मान्य चूक ४ टक्के आहे, त्यात १२ टक्क्यांची भर केवळ हाताच्या जागेमुळे पडते.

अडचणीच्या जागी पान्याच्या पुढे आडवा जोडपाना लावल्यास लांबी वाढते व मूल्य कमी लावावे लागते. लावावयाचे मूल्य = हवे ते परिबल × पान्याची लांबी ÷ (पान्याची लांबी + जोडाची लांबी). ४०० मिमी. लांबीच्या पान्याला सरळ रेषेत ५० मिमी.चा जोड असल्यास ८० न्यूटन-मीटरसाठी सु. ७१ लावावे लागते. जोड पान्याशी काटकोनात ठेवल्यास ही दुरुस्ती जवळजवळ लागत नाही. सॉकेटवरील उभ्या दांड्याने मात्र लांबी वाढत नसल्याने मूल्य बदलत नाही.

अनेक बोल्टांचा जोड एका फेरीत आवळत नाहीत. सिलिंडराच्या टोपणाचे बोल्ट मध्यापासून बाहेर, तर चाकाचे नट समोरासमोर अशा क्रमाने, आधी एक-तृतीयांश, मग दोन-तृतीयांश व शेवटी पूर्ण परिबलाने आवळतात. चाक बदलल्यावर थोडे अंतर चालवून नट पुन्हा तपासणे आवश्यक असते, कारण रंग, गंज व धूळ दबून बैठक खाली जाते. आधीच आवळलेल्या नटावर पाना लावून खटका ऐकला, तर परिबल निदान तितके आहे एवढेच कळते. ते अधिक नाही याची खात्री होत नाही. खात्री हवी असल्यास नट सैल करून पुन्हा आवळावा. काही जुन्या जड वाहनांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे डावे असत. बरेच खटक्याचे पाने फक्त उजवीकडे फिरविताना मोजतात, म्हणून डाव्या आट्यासाठी पान्यावरील बाण पाहणे जरूर असते.

घर्षणाचा परिणाम : पाना परिबल मोजतो, बोल्टमधील ताण मोजत नाही, आणि या दोहोंच्या मध्ये घर्षण असते [⟶ घर्षण]. लावलेल्या परिबलापैकी सु. निम्मे नटाच्या बैठकीखालील घर्षणात व सु. ४० टक्के आट्यांतील घर्षणात खर्ची पडते; बोल्ट ताणण्यासाठी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. ८.८ प्रतीच्या १२ मिमी. बोल्टाचे उदाहरण घेता येईल. कोरड्या आट्यांवर ८८ न्यूटन-मीटर परिबलाने त्यात सु. ३७ किलोन्यूटन ताण येतो व तो सुरक्षित मर्यादेच्या तीन-चतुर्थांश असतो. त्याच बोल्टाला तेल लावून तेच परिबल दिले, तर ताण सु. ४९ किलोन्यूटन होतो, म्हणजे मर्यादा संपूर्ण गाठली जाते. पान्याचा खटका दोन्ही वेळी सारखाच असतो. म्हणून पुस्तिकेतील मूल्य कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे जाणून घ्यावे व गंजलेले आटे तारेच्या कुंचल्याने साफ करावेत. एवढे करूनही केवळ परिबलावरून मिळणाऱ्या ताणात २५ ते ३० टक्के फरक राहू शकतो.

निगा : काम संपताच मूठ मागे फिरवून पाना मापपट्टीवरील सर्वांत लहान मूल्यावर आणून ठेवावा. दाबलेली स्प्रिंग दीर्घकाळ तशीच राहिल्यास किंचित बसते व पुढे पाना कमी परिबलाला खटका देतो. मात्र सर्वांत लहान खुणेच्याही खाली मूठ फिरवू नये. तेथे स्प्रिंग इतकी सैल होते की ठोकळा जागचा हलू शकतो.

नट सोडविण्यासाठी हा पाना मुळीच वापरू नये. गंजलेला नट सुटताना बसणारा धक्का यंत्रणेच्या क्षमतेपेक्षा कितीतरी मोठा असतो. हातोडी म्हणून किंवा पहारीसारखा वापर तर दूरच राहो. गॅरेजांत दिवसाअखेर सर्व पाने रॉकेल किंवा डीझेलमध्ये बुडवून धुण्याची पद्धत आहे. टॉर्क पान्याला ती घातक आहे. आतले ग्रीज विरघळून ठोकळा कोरडा पडतो व खटके अनियमित होतात. पाना कोरड्या फडक्याने पुसावा व फक्त रॅचेटला थोडे हलके तेल द्यावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात, तापमान ४० से.च्या वर जात असता, स्प्रिंगच्या ताठपणात पडणारा फरक नगण्य असतो. खरा उपद्रव धुळीचा होतो. त्यामुळे पाना त्याच्या पेटीतच ठेवावा. तो कठीण जमिनीवर पडल्यास बाहेरून धड दिसला तरी तपासून घेतल्याशिवाय वापरू नये.

अंशशोधन : प्रमाणित साधनाशी तुलना करून पान्याची चूक ठरविण्यास अंशशोधन म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६७८९ नुसार १० न्यूटन-मीटरपेक्षा अधिक क्षमतेच्या अशा पान्याची मान्य चूक ± ४ टक्के आहे. कमाल क्षमतेच्या २०, ६० व १०० टक्के मूल्यांना तपासणी करतात. तपासणीचे तापमान १८ ते २८ से.च्या दरम्यान व स्थिर असावे लागते. उन्हातून आणलेला पाना म्हणूनच आधी काही काळ प्रयोगशाळेत ठेवतात. वापरणाऱ्याने वेगळी मुदत ठरविली नसल्यास बारा महिने किंवा ५,००० खटके, यांपैकी जे आधी होईल तेव्हा फेरतपासणी करतात. रोज शंभर नट आवळणाऱ्या कर्मशाळेत ही संख्या दोन महिन्यांतच पुरी होते, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

ढोबळ पडताळा घरच्या घरी घेता येतो. खुंटी व्हाइसमध्ये घट्ट धरून पाना आडवा ठेवावा व मुठीच्या खुणेवर वजन टांगावे. ०.४ मी.वर १० किग्रॅ. टांगल्यास ३९.२ न्यूटन-मीटर होतात. पान्याचे स्वतःचे वजन १.२ किग्रॅ. व गुरुत्वमध्य ०.२ मी.वर असल्यास त्याचे सु. २.४ मिळवून एकूण सु. ४१.६ न्यूटन-मीटर भरतात. ४० वर लावलेला पाना या वजनाला खटका देत नसेल, तर तो प्रयोगशाळेत पाठवावा.

मर्यादा : अलीकडच्या अनेक एंजिनांत बोल्टांना प्रथम ठराविक परिबल देऊन पुढे ठराविक कोनातून फिरवितात. यामुळे घर्षणातील फरकांचा परिणाम बराच कमी होतो. परंतु काही बोल्ट कायमचे लांबत असल्याने ते पुन्हा वापरीत नाहीत. सोलापूरजवळील राष्ट्रीय औष्णिक विद्युत् महामंडळाच्या (एन्‌टीपीसी) केंद्रात प्रत्येकी ६६० मेगॅवॉटचे दोन संच असून त्यांतून २०१७ व २०१९ पासून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती होऊ लागली. एवढ्या मोठ्या टरबाइनांच्या आवरणाचे जाड बोल्ट हातपान्याच्या आवाक्याबाहेरचे असतात. असे बोल्ट सामान्यतः पोकळ ठेवून आत विद्युत् तापक घालून तापवितात, लांबलेल्या स्थितीत नट बसवितात व थंड झाल्यावर बोल्टाची वाढलेली लांबी मोजून ताण ठरवितात.