दिंडी दरवाजा

२०२४ सालच्या फेब्रुवारीअखेरची गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपून मी नुकता खुर्चीत टेकलो होतो, तोच न्यू जर्सीहून काकांचा फोन आला. काका माझे नात्याने कुणी नव्हेत. वय चौऱ्याऐंशी, मूळचे सांगलीकडचे, आणि उभी हयात गेली अमेरिकेतल्या रसायनांच्या कारखान्यात. फोन आला की आधी माझ्या गुडघेदुखीची चौकशी व्हायची. त्या दिवशी ती झाली नाही.

"अरे, आपली चावडी उठली की काय? चार दिवस झाले, एक माणूस बोलत नाही. सगळे गेले, की मीच गेलो?"

"गेलं कुणी नाही, काका," मी म्हटले, "तुम्ही बसता त्या बाजूचा दरवाजा बंद झालाय."

ही चावडी कोणती, हे तरुण वाचकांना सांगायला हवे; कारण त्यांच्या जन्माच्या वेळीच तिच्यावर अवकळा येऊ लागली होती. तिचे नाव यूजनेट. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांच्या मनात आले की आपला संगणक आणि शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातला संगणक यांनी एकमेकांना फोन करून पत्रे पोचवावीत. शेजारच्या विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोव्हिनने त्यासाठी पहिला प्रोग्रॅम लिहिला, आणि १९८० साली ही देवघेव सुरू झाली. दोनाचे चार संगणक झाले, चाराचे चाळीस, आणि हां हां म्हणता जगभर जाळे पसरले.

गंमत अशी की या जाळ्याला मालक नव्हता. मी माझ्या विद्यापीठाच्या संगणकावर पत्र लिहावे, त्याने ते शेजारच्या संगणकाला द्यावे, त्याने पुढच्याला. प्रत्येक पत्राला स्वतःचा एक क्रमांक असे, त्यामुळे तेच पत्र दुसऱ्या वाटेने आले तर संगणक म्हणे, 'हे पोचले आहे, नको.' गावोगाव पत्राची एकेक नक्कल राहायची. पण जागा भरली की जुन्या नकला फेकून द्यायच्या, अशीही रीत होती. ही दुसरी रीत वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी गाठ पडणार आहे.

चर्चेचे हजारो गट होते. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने 'मी हौसेखातर एक छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम करतो आहे' अशा अर्थाचे पत्र टाकले ते याच चावडीवर. तीच पुढे लिनक्स झाली. त्याच महिन्यात टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या वर्ल्ड वाइड वेबची वार्ता दिली तीही इथेच. ज्या वेबने पुढे चावडीवरची माणसे ओढून नेली, तिची दवंडी चावडीवरच पिटली गेली, हे लक्षात आले की मला अजून हसू येते.

मी १९९२ साली अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या एका विद्यापीठात शिकायला गेलो. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि घरी फोन करायचा तर मिनिटामिनिटाला पोटात गोळा. अशा वेळी संगणकाच्या खोलीत हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन' उघडले की भारतातली भांडणे तरी ऐकू यायची! पुढे मराठीचा वेगळा गट निघाला. त्यात साऱ्यांनी रोमन लिपीत मराठी लिहायचे. काकांची-माझी ओळख तिथे झाली, आणि तीही आमटीत गूळ घालावा की घालू नये या वादातून. तीन आठवडे वाद चालला. चौथ्या आठवड्यात काकांनी लिहिले की तुझ्या आईच्या हातची आमटी खाल्ल्यावाचून मी हार मानणार नाही. माझी आई आमटीत गूळ घालत नसे, हे मी त्यांना आजतागायत सांगितलेले नाही.

मग चावडी उठली कशी? एका दिवसात नाही. दरवर्षी सप्टेंबरात विद्यापीठांत नवी पोरे येत, महिनाभर चावडीवर धुडगूस घालत, आणि जुनी मंडळी त्यांना कान धरून रीत शिकवीत. १९९३-९४ मध्ये मोठमोठ्या व्यापारी सेवांनी आपल्या लाखो गिऱ्हाइकांना या गटांत सोडले. इतक्यांना शिकवणार कोण? जुने लोक त्या काळाला 'कधी न संपलेला सप्टेंबर' म्हणतात. एप्रिल १९९४ मध्ये अॅरिझोनातल्या एका वकील जोडप्याने ग्रीन कार्डाच्या लॉटरीची जाहिरात हजारो गटांत एकाच वेळी फेकली. त्या एका जाहिरातीने शेकडो लोकांना वाट दाखवली. त्यातच चित्रे, गाणी, सिनेमे यांच्या अवजड फायली गटांतून वाहू लागल्या. सेवा देणाऱ्या कंपन्यांना साठवणुकीचा खर्च दिसू लागला, आणि पाठोपाठ कोर्टकचेऱ्यांची धास्ती. २००५ साली एओएलने ही सोय काढली. २००८ साली आणखी काही बड्या कंपन्यांनी हात आखडले. आणि २०१० च्या मे महिन्यात खुद्द ड्यूक विद्यापीठाने आपला सर्व्हर बंद केला. जिथे पाळणा हलला, त्याच घराने दार लावले!

काका तोवर गूगलच्या वेशीतून आत यायला लागले होते. गूगलने २००१ साली डेजान्यूज नावाच्या कंपनीचे जुन्या पत्रांचे दप्तर विकत घेतले आणि ते लोकांना वाचायला खुले केले. तिथूनच नवी पत्रेही टाकता येत. मराठी गट सुना झाल्यावर काका तिथून एका इंग्रजी गटात जाऊन बसू लागले. इंग्रजी शब्दांच्या वापराचा कीस काढणारी ती मंडळी अजूनही रोज भांडते. काकू गेल्यावर काकांना माणसांचा सहवास असा तेवढाच. मुलगा कॅलिफोर्नियात, शेजारी नुसते हात हलवणारे. डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने सूचना लावली की २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटची नवी पत्रे आमच्याकडे दिसणार नाहीत आणि टाकताही येणार नाहीत. जुनी तेवढी वाचता येतील. काकांनी ती सूचना वाचलीच नव्हती. ऐंशीच्या पुढचा माणूस सूचना वाचत नाही, हे आपण जाणतोच.

"मग आता?" काकांनी विचारले. तो आवाज मला आवडला नाही.

जुन्या वाड्याचा मोठा दरवाजा लावला तरी त्यात एक छोटी दिंडी असते. वाकून आत जाता येते. तशी दिंडी इथेही आहे. अजून काही हौशी लोक आपल्या पदरमोडीने यूजनेटचे सर्व्हर चालवतात. त्यांतल्या एकाचे नावच आहे 'इटर्नल सप्टेंबर', म्हणजे तोच न संपणारा सप्टेंबर. नाव नोंदवा, पैसा पडत नाही. फक्त मजकूर मिळतो, सिनेमे नाहीत. पत्रे वाचायला थंडरबर्ड नावाचा फुकट प्रोग्रॅम चालतो. त्यात सर्व्हरचे नाव, आपले नाव आणि परवलीचा शब्द घालायचा की झाले.

'की झाले' हे लिहिणे सोपे. आम्हांला तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी काकांनी सर्व्हरच्या नावाच्या जागी स्वतःचे नाव घातले. दुसऱ्या रविवारी परवलीचा शब्द ज्या कागदावर लिहिला होता, तो कागद वाणसामानाच्या यादीबरोबर दुकानात गेला. तिसऱ्या रविवारी फोनवर बराच वेळ काही ऐकू आले नाही, आणि मग एकदम, "आली रे आली! सगळी आली! तो यॉर्कशायरवाला अजून स्वल्पविरामावरच अडलाय!"

मोठा दरवाजा बंद झाल्याचा एक फायदाही झाला. गटांतला जाहिरातींचा पुष्कळसा केर त्याच वाटेने येत होता; तो बंद झाला.

पण खरी गोष्ट काकांनी त्यानंतर काढली. "तुला आठवतं? शहाण्णव साली मी हिच्या ओव्या टाकल्या होत्या."

आठवत होते. काकू जात्यावरच्या ओव्या म्हणत. त्यांच्या आजीकडून आलेल्या. काकांनी नऊ ओव्या मराठी गटात टाकल्या होत्या. त्यांची वही घर बदलताना हरवली, संगणक तर कधीच भंगारात गेला. आता जुन्या दप्तरातून त्या काढून दे, असे त्यांचे म्हणणे. मी दोन रात्री शोधले. काकांची आमटी सापडली, राजकारण सापडले, कुणाशी तरी घातलेली हुज्जत सापडली, ओव्या नाहीत. शेवटी कारण कळले. त्या काळी पत्राच्या माथ्यावर 'हे पत्र दप्तरात ठेवू नये' अशी एक ओळ घालता येत असे आणि दप्तरवाले ती पाळत. काकांनीच ती घातली होती.

"घरातल्या बाईचं गाणं जगाच्या दप्तरात कशाला, असं वाटलं तेव्हा," ते म्हणाले. मग बराच वेळ बोलले नाहीत.

दप्तरात नाही, आणि सर्व्हरांवरच्या नकला तर केव्हाच पुसल्या गेलेल्या. मी फारशी आशा न धरता त्याच दिंडीतून ओस पडलेल्या मराठी गटात एक पत्र टाकले: अमुक साली अमुक ओव्या कुणी उतरून घेतल्या होत्या काय? पाच आठवडे काही नाही. मग एके सकाळी उत्तर आले. लिहिणाऱ्या बाई ऑस्ट्रेलियात राहतात. त्यांनी त्या गटात आजवर एकही पत्र लिहिले नव्हते, नुसते वाचत. मुलगा तान्हा असताना त्याला निजवायला म्हणून त्यांनी चार ओव्या छापून घेतल्या होत्या. बाकीच्या पाच लांब वाटल्या, म्हणून सोडल्या, असे त्यांनी क्षमा मागून लिहिले होते.

मी त्या चार ओव्या काकांना फोनवर वाचून दाखवल्या. तिसऱ्या ओवीत अडलो. रोमन अक्षरांत लिहिलेला एक शब्द 'पाणी' असा वाचता येतो आणि 'पानी' असाही. तुळशीला पाणी, की तुळशीच्या पानी? पुढे मोठा एन म्हणजे ण आणि छोटा एन म्हणजे न अशी सोय आम्ही सगळे वापरू लागलो. पण काका तेव्हा सगळेच छोट्या लिपीत लिहीत.

"पाणी," काका म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "थांब. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचले. गेल्या रविवारीही वाचले. अजून ठरलेले नाही.