‘बोलेल हो’ म्हणण्याआधी

वजन, उंची, दंडघेर मोजून झाले की अंगणवाडीतलं मूल डॉक्टरांसमोर सतरंजीवर बसतं. हे डॉक्टर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातले. २०१३ मध्ये पालघरला हा कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणी व्हावी, असा त्याचा नियम आहे.

दोन वर्षांचा मुलगा ठोकळे रचण्यात रंगलाय. डॉक्टर मागून खुळखुळा वाजवतात. तो वळत नाही. दुसऱ्या बाजूने वाजवला, तरी नाही. समोर धरल्यावर मात्र हसून हात पुढे करतो.

“हाक मारल्यावर बघतो का, ताई?”

“बघतो की. टीव्ही लावला तरी धावत येतो.”

“पाठमोरा असताना?”

आई विचारात पडते. आजी म्हणतात, “याचा बापसुद्धा उशिराच बोलला. बोलेल हो.”

“बोलेलही, आजी. पण आधी ऐकू येतंय का, ते बघू या.”

हे निदान नव्हे, म्हणून डॉक्टर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी देतात. तिथली ‘बेरा’ चाचणी मूल झोपलेलं असताना करतात. डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून कानात आवाज सोडतात. मेंदूकडे जाणारे संकेत यंत्र टिपतं. मुलाला काही सांगावं लागत नाही, त्यामुळे ती तान्ह्या बाळाचीही होते. कान ठीक निघाले, तर समज, खेळ, नजरेला नजर देणं हे पुढे तपासतात. दोष निघाला, तर श्रवणयंत्र आणि वाचा-उपचार लवकर सुरू करता येतात. भाषा रुजण्याचं वय हेच असतं. त्यातले महिने वाट पाहण्यात घालवणं मुलाला महाग पडतं.

पथकाची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना थेट विचारता येतं. चार महिन्यांत मान धरली नाही, दीड वर्षात चालणं वा एखादा अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडले नाहीत, तर जाऊन दाखवावं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. येत असलेले शब्द वा हालचाली बंद झाल्या, तर मात्र एक दिवसही थांबू नये. घरातल्या वागण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सोबत न्यावा. परक्या खोलीत मूल अनेकदा गप्प होतं.

उपचार बहुतेक घरीच चालतात. आंघोळ घालताना, भरवताना मुलाच्या समोर बसून वस्तूचं नाव घ्यायचं आणि त्याच्या उत्तरासाठी थांबायचं. हे रोज आईनेच करावं असं नाही. बाबा आणि आजीही शिकून घेऊ शकतात. म्हणूनच पहिल्या भेटीला आईला एकटं पाठवू नये.