पायाच्या एक्स-रेमधला कोन किती खरा?

पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकतो, मुळाशी हाड वर आल्यासारखं दिसतं. डॉक्टर याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. दोष किती हे एक्स-रेवरच्या कोनावरून सांगतात, आणि रिपोर्टातला आकडा वाचून माणसं उगाच धास्तावतात.

गैरसमज : कॉम्प्युटरवर मोजलेला कोन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

वस्तुस्थिती : रेघा कुठे मारायच्या, हे बहुतेक ठिकाणी माणूसच ठरवतो, कॉम्प्युटर त्यांमधला कोन तेवढा सांगतो. एक रेघ चवड्यातल्या पहिल्या लांब हाडाच्या मधून जाते, दुसरी अंगठ्याच्या मुळाकडच्या हाडामधून. हाडाचा मध्य टोकाशी धरला की दांड्यावर, यानेही आकडा हलतो. त्यामुळे दोन अनुभवी डॉक्टरांच्या मोजणीत ५ अंशांपर्यंतचा फरक गृहीतच धरतात. हा कोन साधारण १५ अंशांपर्यंत नॉर्मल, २० पर्यंत सौम्य, ४० च्या वर तीव्र. आता एका रिपोर्टात १९ आणि दुसऱ्यात २२ आले, तर शिक्का 'सौम्य'चा 'मध्यम' होतो. पाय मात्र तसाच असू शकतो.

सांध्याच्या पृष्ठभागाचा तिरपेपणा मोजणारा कोन तर याहून बेभरवशाचा. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, तिची कड अंदाजानेच धरावी लागते. त्यातून हाड स्वतःभोवती फिरलेलं असेल, तर तिरपेपणा आहे त्याहून जास्त भासतो. निव्वळ या कोनावर ऑपरेशनची पद्धत ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज : एक्स-रे कसाही काढला तरी चालतो.

वस्तुस्थिती : उभं राहून, पायावर भार देऊनच काढायला हवा. भार पडला की चवडा पसरतो. झोपून काढलेल्या फिल्ममध्ये दोष कमी दिसू शकतो. ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा कोन ताडतानाही जपावं लागतं. हाड कापून सरकवलं की टोक आणि दांडा एका रेषेत राहत नाहीत. मोजण्याची पद्धत मध्येच बदलली, तर सुधारणा फुगून किंवा आक्रसून दिसते.

गैरसमज : कोन मोठा, म्हणजे ऑपरेशन आलंच.

वस्तुस्थिती : दुखत नसेल, चालणं नीट असेल, तर केवळ आकड्यासाठी किंवा दिसण्यासाठी हाड कापण्याचं कारण नाही.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला जाताना रिपोर्टाच्या कागदासोबत मूळ एक्स-रेही न्या आणि तो उभ्याने काढला होता की झोपून, हे आवर्जून सांगा.