किराण्याची यादी आणि मुलाचं वजन

मुलांच्या दवाखान्यात उंची मोजायची एक शिस्त असते. बूट काढायचे, टाचा आणि डोक्याची मागची बाजू फळीला टेकवायची, नजर समोर. मग वरून पट्टी केसांवर दाबून बसते. आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी पोट आत घेऊन श्वास रोखून धरला होता. उंची 138 सेंटिमीटर, वजन 38 किलो. डॉक्टरांनी वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं, बीएमआय आला 20. मोठ्या माणसाचा असता तर कुणी दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. मुलांचा आकडा मात्र वयाच्या आलेखावर मांडावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2015 साली 5 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी आलेख काढले. त्यातल्या वरच्या दोन रेघा प्रौढांच्या 23 आणि 27 या बीएमआयशी जुळवल्या आहेत, कारण आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनावरच गाठतो. आमचं टिंब त्या दोन रेघांच्या मधे पडलं: वजन जास्त, पण स्थूल नाही.

वजन उतरवा, असं डॉक्टर म्हणाल्याच नाहीत. वाढत्या वयात ते आहे तिथं थोपवलं तरी बहुधा पुरतं. उंची 144 झाली आणि काटा 38 वरच राहिला, तर बीएमआय 18 च्या आसपास येतो. त्याला ‘कमी खा’ म्हणायचं नाही, ही ताकीद मात्र आम्हा दोघांकडे बघून मिळाली.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची वाटणीच करून ठेवली आहे. काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते मुलानं. म्हणजे आमचं निम्मं काम ताट वाढण्याच्या आधी, किराण्याच्या यादीतच संपतं. ही यादी हल्ली मी करतो. खारी, टोस्ट, क्रीमची बिस्किटं, फरसाण, सॉस, दुधात घालायची पावडर: घरात आलेली वस्तू रोज मागितली जाते आणि रोज नाही म्हणावं लागतं. न आलेल्या वस्तूवरून भांडण एकदाच, दुकानात होतं. पुडा हातात घेतला की मागचा बारीक मजकूर वाचायचा, तोही 100 ग्रॅमचा रकाना. ‘प्रति सर्व्हिंग’चा आकडा दिसायला नेहमीच गोंडस असतो. कोल्ड्रिंकच्या 250 मिलीच्या बाटलीत साधारण 26 ग्रॅम साखर असते. मोठ्या माणसानंही वरची साखर दिवसाला शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आजीचं मत वेगळं. “वाढत्या अंगाचं पोर आहे, खाऊ दे. उंची वाढली की होईल सडपातळ.” आलेख बघता आजीचं निम्मं खरं आहे, म्हणून तिच्याशी वाद घालता येत नाही. फरसाण बंद केलेलं नाही. ते शनिवारी, सगळ्यांना, वाटीत घालून मिळतं. डबा टेबलावर येत नाही.

सगळ्यात कठीण काम संध्याकाळी. सकाळी थालीपीठ नाहीतर मटकीची उसळ-पोळी दिलेला डबा अर्धा भरलेला परत येतो, आणि गप्प बसायचं असतं. पानात टाकायचं नाही, या धाकात आमची पिढी जेवली. पोट भरल्यावरही ताट पुसून खायचं वळण आम्हीच त्याला लावलं तर ‘किती’ हा त्याचा हक्क राहिलाच कुठे?

या सगळ्याचा जाब अजून आईलाच विचारला जातो. यादी मी करतो हे ठाऊक असूनही ‘डब्यात काय देता?’ हा प्रश्न बायकोकडेच वळतो. शिवाय घराबाहेर आमचं काही चालत नाही. चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी बंदी आहे. आमच्या शाळेच्या फाटकालगतच गाडी लागते आणि मधल्या सुट्टीत तिथं रांग असते. मुलांनी रोज तासभर अंग हलवावं अशी अपेक्षा, पण सहामाही जवळ आली की पीटीच्या तासाला गणित. पुढच्या पालकसभेत मार्कांच्या आधी ही दोन्ही गाऱ्हाणी मांडा. एकट्यादुकट्यानं बोलून भागत नाही, चारजणांनी मिळून विचारा.