औषध तेच, पण कण केवढा?

२०२१च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातले कित्येक नातेवाईक एकच चिठ्ठी घेऊन औषधांची दुकाने पालथी घालत होते. तिच्यावर लिहिलेले असे : लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन बी. करोनानंतर जडलेल्या म्युकरमायकोसिसवरचे, म्हणजे ‘काळ्या बुरशी’वरचे हे इंजेक्शन. साधे अॅम्फोटेरिसिन यापेक्षा बरेच स्वस्त. मग हेच कशाला, हा प्रश्न तेव्हा घरोघरी पडला होता.

रेणू दोन्हींत एकच आहे. साध्या औषधानेही बुरशी मरते, पण मूत्रपिंडांना फटका बसतो, हुडहुडी भरून ताप येतो. लायपोसोमल प्रकारात तोच रेणू स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म गोळीच्या आवरणात बसवलेला असतो. या गोळीचा व्यास १०० नॅनोमीटरपेक्षा कमी; केसाच्या जाडीत अशा शेकडो गोळ्या ओळीने मावतील. गोळ्या फार मोठ्या असल्या तर यकृत आणि प्लीहा त्या रक्तातून झपाट्याने उचलतात. त्या फुटल्या तर औषध एकदम मोकळे होते आणि साध्या औषधाचे सगळे दोष परत येतात.

म्हणून आकार मोजावाच लागतो. साधा सूक्ष्मदर्शक इथे थकतो, कारण दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर. मग लेझरचा झोत द्रावणातून सोडतात. पाण्यातले कण सतत थरथरत असतात, बारीक कण चपळपणे, मोठे संथपणे. त्यामुळे विखुरलेला प्रकाश लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याच्या वेगावरून व्यास काढता येतो. काम काही मिनिटांचे, पण त्यात एक खोच आहे. इतक्या बारीक कणांच्या बाबतीत व्यास दहापट झाला की विखुरलेला प्रकाश दहा लाख पटींनी वाढतो. थोडी धूळ किंवा काही गुठळ्या असल्या, तरी त्यांच्या झगमगाटात बाकीचे कण झाकोळून जातात. म्हणून नुसत्या सरासरीवर विसंबणे धोक्याचे. कण किती एकसारखे आहेत, तेही पाहावे लागते.

जोडीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक असतो. पण तिथल्या निर्वात पोकळीत सुकवल्या तर या गोळ्यांचा आकार बिघडतो, म्हणून नमुना क्षणात गोठवून पाहतात. लेझरने काढलेला आकडा याहून थोडा मोठा येतो, कारण कणाबरोबर फिरणारा पाण्याचा थरही त्यात मोजला जातो.

एवढे करूनही आकार म्हणजे सर्व काही नाही. औषध आवरणात घट्ट बसले आहे की सैल, हे व्यासावरून कळत नाही. त्यासाठीची एक चाचणी अगदी साधी आणि हुशारीची आहे : गोळ्या तांबड्या रक्तपेशींत मिसळायच्या आणि पेशींतून पोटॅशियम किती गळते ते मोजायचे. मोकळे औषध पेशींच्या पडद्याला भोके पाडते.

वॉर्डात हा फरक जिवावर बेतू शकतो. साधे औषध दिवसाला किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या वर द्यायचे नसते. म्युकरमायकोसिसमध्ये लायपोसोमल प्रकार ५ ते १० मिलिग्रॅम देतात. नावे सारखी म्हणून अदलाबदल झाली, तर हृदय बंद पडू शकते. त्यामुळे कुपीवरचा ‘लायपोसोमल’ हा शब्द देण्याआधी दोघांनी वाचलेला बरा. शिवाय हे औषध पातळ करायला ५ टक्के डेक्स्ट्रोजच लागते. मिठाच्या पाण्यात त्याचा साका बसू शकतो. आणि आपल्याकडे तर टांगलेल्या प्रत्येक बाटलीला ‘सलाइन’च म्हणतात.