भिंतीत आरपार जाणारा दगड

उमरगा तालुक्यातल्या मावशीकडं एका अंगणात दोन घरं होती. एक माळवदाचं, दोन हात रुंद भिंतींचं, वैशाखातही गार. त्याला पाठ लावून विटा-सिमेंटची एकच खोली. तिला सगळे ‘भूकंपाची खोली’ म्हणत. सुट्टीत आम्ही पोरं दुपारभर माळवदाखाली लोळायचो; रात्र झाली की मावशी एकेकाला उठवून खोलीत नेऊन निजवायची. का, असं विचारलं की गप्प. त्या खोलीपायी मी पुढं कितीतरी वर्षं पुनर्वसनाचे अहवाल चाळत बसलो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. विसर्जन करून निजलेल्या गावांखालची जमीन ३ वाजून ५६ मिनिटांनी हलली. भूकंपाला नाव किल्लारीचं मिळालं. पण आपल्या जिल्ह्यातली सास्तूर, पेठसांगवी, होळी, राजेगाव ही गावंही त्याच पहाटे ढिगारा झाली. पुढचं झरझर सांगतो. माणसं पत्र्याच्या शेडांत गेली. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. जागतिक बँकेचं कर्ज आलं आणि ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. नवं घर किती मोठं, हे जमिनीवरून ठरलं: भूमिहीनाला नि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. शेडात सगळे एका रांगेत बसले होते. सरकारनं टेप लावून जुनी उतरंड पुन्हा मोजून दिली, असं माझं मत आहे. आखीव रस्ते आले, भावकी मात्र पांगली.

मला ओढ होती ती दुसऱ्याच यादीची. पडली नाहीत पण तडकली, अशी सुमारे दोन लाख घरं तेरा जिल्ह्यांत होती. त्यांच्यासाठी ‘दुरुस्ती व मजबुतीकरण’. इथं ठेकेदार नाही. मालकानं स्वतः काम करून घ्यायचं, पैसे हप्त्यानं मिळणार, अभियंता तपासणार. कागदावर फार शहाणी योजना. प्रत्यक्षात गावागावांत जुंपली. अभियंता म्हणे, आहे ते घर पक्कं करा. माणसं म्हणत, ज्या दगडानं पोरं मारली त्याच्याखाली पुन्हा निजायचं? मग हप्ता घ्यायचा, जुन्या घराला हात लावायचा नाही, आणि शेजारी खोली उठवायची. मावशीच्या खोलीचं कोडं इथं सुटलं.

खरं तर दोष दगडाचा नव्हता. आपली जुनी भिंत म्हणजे एकमेकींना पाठमोऱ्या दोन भिंती. आतून एक थर, बाहेरून एक थर, मधे माती नि दगडाच्या चिपा. जमीन हलली की दोन्ही थर सुटे होतात, भिंत पोट काढते नि ढासळते, आणि वरून माळवदाची सगळी माती अंगावर येते. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब मात्र जागच्या जागी उभे राहिले. उपाय साधा होता. भिंतीला जागोजाग आरपार भोक पाडायचं, सळई घालून काँक्रीट ओतायचं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. भोवतीनं सिमेंटचा पट्टा, छपरावरची माती कमी. पण जीपमधून उतरून पारावरच्या बाप्यांना हे सांगून जाणाऱ्या अभियंत्यावर कोण विश्वास ठेवणार?

इथं प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था येते. लोकसहभागाचं काम सरकारनं तिच्यावर सोपवलं आणि १९९४ ते १९९८ या काळात हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. शब्द सरकारी वळणाचा, काम मात्र घरोघर हिंडायचं: कुणाला किती मदत मंजूर आहे, हप्ता कुठं अडला, गवंड्यानं सळई घातली की नाही. घर सारवणाऱ्या, पोतारणाऱ्या या बाया. भिंत कुठं फुगली हे त्यांना अभियंत्याआधी दिसायचं. चार वर्षांपूर्वी ज्या ग्रामपंचायतीची पायरी चढत नव्हत्या, तिथं त्या हिशेब विचारू लागल्या.

म्हणून घरं सगळी पक्की झाली का? नाही. खोल्याच जास्त उठल्या. पण बाया मागं हटल्या नाहीत. २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर मराठवाड्यातल्या बाया गुजरातेत गेल्या, त्सुनामीनंतर तमिळनाडूत. उपदेश करायला नव्हे, आपण काय चुकलो तेही सांगायला.

गावात बचत गट टिकले. दुष्काळाच्या वर्षांत त्याच जाळ्यातून बायांनी नवऱ्याकडं एक एकर मागितलं, घरात खायला लागेल ते पिकवण्यासाठी. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. नवऱ्याकडून ते एकर काढून घेणं पुरस्कारापेक्षा अवघड, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला कळेल.

परवाच्या पावसाळ्यात मावशीच्या माळवदाच्या भिंतीचा गिलावा पडला. आत सिमेंटचे गोल टिक्के दिसले, हात-दीड हातावर एकेक. मी मोजले: अकरा. म्हणजे खोलीही बांधली आणि भिंतही सांधली होती. मावशीला म्हटलं, अगं, मग तू इथं निजत का नाहीस? तिनं टिक्क्यावरून हात फिरवला, गिलाव्याला माती कुठून आणायची ते सांगितलं, आणि दिवेलागणीला अंथरूण उचलून खोलीत गेली.