दोन हृदयांचा काळ

गर्भवतीच्या खाण्यापिण्याच्या इच्छांना मराठींत ‘डोहाळे’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘दोहद’ शब्दापासून आला. सुश्रुतसंहितेंत, चवथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें असें सांगून, गर्भवतीस ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, असें म्हटलें आहे. वस्तुतः गर्भाचें हृदय गर्भधारणेनंतर सुमारें तीन आठवड्यांतच चालूं लागतें. परंतु या दुसऱ्या जीवासाठीं आईच्या देहानें चालविलेली तयारी स्पष्ट दिसूं लागते ती चवथ्या ते सहाव्या महिन्यांत.

या काळाच्या आरंभीं गर्भ लिंबाएवढा असतो. विसाव्या आठवड्यांत त्याची लांबी सुमारें २५ सेंटिमीटर व वजन सुमारें ३०० ग्रॅम होतें, आणि गर्भाशयाचा माथा आईच्या बेंबीपर्यंत पोंचतो. गर्भाच्या अंगावर मऊ लव येते. तिच्यावरील पांढरा स्निग्ध लेप, सतत पाण्यांत राहणाऱ्या त्वचेचें रक्षण करतो. पहिलटकरणीस बहुधा १८ ते २० व्या आठवड्यांत, मासोळी सळसळावी तशी, पहिली हालचाल जाणवते. सहाव्या महिन्याच्या अखेरीस गर्भ बाहेरच्या आवाजास प्रतिसाद देऊं लागतो.

आईच्या देहांतील मोठा फेरफार मात्र डोळ्यांस दिसत नाहीं; तो रक्तांत घडतो. गरोदरपणांत रक्तांतील द्रवभाग सुमारें ४० ते ५० टक्क्यांनीं वाढतो, तांबड्या पेशी मात्र त्यामानानें कमी वाढतात. आमटींत डाळ थोडी व पाणी पुष्कळ वाढवावें, तसें हें होय. हें वाढीव रक्त वारेकडे पोषण नेतें आणि प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव सोसण्यास आईला बळ देतें. म्हणून रक्त थोडें पातळ होणें हा रोग नव्हे.

रोग सुरू होतो तो लोह अपुरें पडल्यावर. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या. थकवा आणि धाप हीं निरोगी गर्भवतीसही जाणवतात; त्यामुळें ‘दिवसच असे आहेत’ म्हणून घरचीं माणसें स्वस्थ बसतात, आणि खरा पांडुरोग झांकला जातो. असें दुर्बल शरीर प्रसूतींतील रक्तस्राव सोसूं शकत नाहीं. दोहोंतील भेद डोळ्यांनीं नव्हे, रक्ततपासणीनेंच कळतो.

म्हणूनच चवथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी रोज घेण्याचा सल्ला शासकीय आरोग्यसेवेंत दिला जातो. गोळी चहाबरोबर घेऊं नये. लिंबू किंवा आवळा लोह अंगीं लागण्यास साहाय्य करतो. रक्त जाणें, पाणी गळणें, तीव्र डोकेदुखी, दृष्टि अंधुक होणें, तोंडावर एकाएकी सूज येणें, किंवा जाणवूं लागलेली हालचाल मंदावणें, यांपैकीं कांहींही झाल्यास विलंब न करतां डॉक्टरांस दाखवावें.

डोहाळे पुरविण्याची आपल्या घरांत हौस असते. त्या हौसेंत एका रक्ततपासणीची भर पडली, तर दोन्ही हृदयांचें हित साधेल.